उजवीकडची खिडकी

विमानाचे तिकीट काढून झाले की पडद्यावर आसनांचा नकाशा उमटतो. व्यापारी घरांत या नकाशापुढे बहुधा दोनच प्रश्न निघतात. या जागेला जादा पैसे किती, आणि उतरताना दार जवळ पडेल ना? खिडकी कोणत्या बाजूची, हे सहसा कोणी विचारत नाही. खिडकी ती खिडकी, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक एकाच विमानात, एकाच रांगेत बसलेले डावीकडचा आणि उजवीकडचा असे दोन प्रवासी दोन निराळे मुलूख पाहून खाली उतरतात, आणि दोघांनी दिलेले भाडे सारखेच असते.

हौशी प्रवाशांनी काही मार्गांच्या बाजू फार पूर्वीच ठरवून ठेवल्या आहेत. दिल्लीहून बागडोगऱ्याला किंवा काठमांडूला जाताना डावी खिडकी घ्यावी, परतताना उजवी. कारण हिमालय उत्तरेला आहे आणि उत्तर त्या त्या वेळी त्या त्या हाताला येते. दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून स्वच्छ हवेत क्षितिज साडेतीनशे किलोमीटरांहून दूर असते, त्यामुळे शिखरांवरून न जाताही शिखरे दिसतात. हे ज्ञान पुष्कळांना असते. ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात राहणाऱ्या माणसासाठी मात्र सर्वांत मोलाचे दृश्य हिमालयाचे नव्हे. ते मुंबईला उतरतानाच्या शेवटच्या सात-आठ मिनिटांत असते आणि उजवीकडे असते. तेवढ्या वेळात त्याचा स्वतःचा जिल्हा, ज्यात त्याचे दुकान, गोदाम आणि घर आहे, एखाद्या उघडलेल्या खातेवहीसारखा खिडकीखाली पसरतो. आयुष्यभर लोकलच्या दारात उभे राहून जे समजत नाही ते येथे समजते.

उजवीच बाजू का, याचे कारण वाऱ्यात आहे. विमान शक्यतो वाऱ्याच्या तोंडावर उतरवतात. मुंबईला वारा वर्षाचा बराच काळ समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून येतो. छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या मुख्य धावपट्टीचा पूर्वेकडच्या टोकाला असलेला क्रमांक २७ आहे. २७ म्हणजे होकायंत्रावरील २७० अंश, म्हणजेच पश्चिम. त्यामुळे दिल्लीचे असो वा बंगळुरूचे, विमान आधी शहराच्या पूर्वेला येते, नाक पश्चिमेकडे वळवते आणि सह्याद्री पाठीशी ठेवून समुद्राच्या दिशेने उतरू लागते. पश्चिमेकडे तोंड केलेल्या माणसाच्या उजव्या हाताला उत्तर असते. बदलापूर, अंबरनाथ, कल्याण, डोंबिवली, मुंब्रा, ठाणे ही सारी गावे या शेवटच्या सरळ वाटेच्या उत्तरेलाच आहेत. कल्याण त्या वाटेपासून पंधरा-सोळा किलोमीटर, डोंबिवली चौदाएक, ठाणे स्थानक दहा-अकरा. इतक्या अंतरावरून इमारत ओळखता येत नाही, परंतु गाव पुरते ओळखता येते. डाव्या खिडकीतल्या प्रवाशाला त्या वेळी माथेरान, पनवेलकडचा प्रदेश, वाशीचा पूल आणि तुर्भ्याची टेकडी दिसते. तेही दृश्य वाईट नाही. पण ते दुसऱ्याचे गाव आहे.

अहमदाबाद, भुज, जोधपूर, जयपूर या बाजूंनी परतणारे विमान उत्तरेकडून येत असल्यामुळे त्याला पश्चिमेकडे तोंड करण्यासाठी बहुधा उजवे वळण घ्यावे लागते. वळताना विमान आतल्या बाजूला कलते. उजवा पंख खाली जातो आणि उजवीकडच्या प्रवाशापुढे जमीन जणू उभी केली जाते. गावाकडून परतणाऱ्या कुटुंबांना हा लाभ आपोआप मिळतो, फक्त बाजू बरोबर निवडलेली हवी. दक्षिणेकडून येणाऱ्या विमानाचे वळण डावे असते. तेथे कललेल्या खिडकीचे सुख डावीकडच्यांना, आणि सरळ झाल्यानंतरचे उजवीकडच्यांना.

लांबून सरळ रेषेत येणाऱ्या विमानातून प्रथम सह्याद्रीची भिंत मागे पडताना दिसते. पठार जेथे एकाएकी तुटते तो कडा वरून पाहिला म्हणजे घाट हा शब्द का जन्मला ते कळते. त्या पायथ्याशी बारवी धरणाचे पाणी चमकते. औद्योगिक विकास महामंडळाच्या या धरणातून जिल्ह्यातील कारखान्यांना आणि कित्येक शहरांच्या नळांना पाणी जाते. डोंबिवलीच्या सोसायटीत पाणीकपातीची नोटीस लागते तिचे मूळ येथे आहे. पुढे मलंगगडाचा सुळका अगदी जवळून जातो. मग रुळांची रेघ. कल्याण जंक्शन वरून ओळखण्याची सर्वांत सोपी खूण म्हणजे तो फाटा. मुंबईकडून आलेली एकच जाड रेघ तेथे दुभंगते, एक शाखा ईशान्येला कसाऱ्याकडे आणि दुसरी आग्नेयेला कर्जतकडे निघते. पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आली, पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणला पोहोचला आणि तेथून तो दोन घाट चढण्यासाठी दोन दिशांना गेला. कल्याणच्या बाजारपेठेला जे महत्त्व आले त्यातले निम्मे या फाट्याचे आहे.

उरलेले निम्मे त्याच्याही आधीचे, आणि तेही वरूनच नीट उमगते. उल्हास नदी कल्याणपाशी रुंदावत खाडी होते, दुर्गाडी किल्ल्याला वळसा घालते, डोंबिवलीच्या पश्चिमेने वाहते आणि मुंब्र्याच्या डोंगराला घासून ठाण्याच्या दिशेने जाते. तेथे तिचे मोठे पाणी घोडबंदरवरून वसईला समुद्राला मिळते आणि एक अरुंद फाटा कळव्यापाशी दक्षिणेकडे वळून ठाण्याच्या खाडीत शिरतो. म्हणजे साष्टीचे बेट हे खरोखरच बेट आहे. शाळेत हे सर्वांनी वाचलेले असते, पण लोकलने कळव्याचा पूल ओलांडणाऱ्या लाखो माणसांपैकी कोणाला आपण बेटावर चाललो आहोत असे वाटत नाही. उजव्या खिडकीतून पाण्याची ती कड दिसली की जुना व्यापार डोळ्यांपुढे उभा राहतो. देशावरचा माल नाणेघाटाने उतरून कल्याणला यावा, कल्याणला होडीत चढावा आणि भरतीच्या वेळा सांभाळत समुद्राला लागावा, अशी ती रचना होती. पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाने लिहिलेल्या समुद्रप्रवासाच्या पुस्तकात कल्याणचे नाव आहे. त्याच्या काळी या बंदरावर निर्बंध आले होते, आणि तेथे शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भरुचला नेली जात, अशी तक्रारवजा नोंद त्याने केली आहे. बंदरांची चढाओढ ही आजची गोष्ट नव्हे. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे उल्लेख आहेत, आणि त्या कान्हेरीचा हिरवा डोंगरही उतरण्याच्या अगदी शेवटी याच खिडकीत येतो. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. मराठ्यांच्या आरमाराचा आरंभ दुर्गाडीच्या पायथ्याच्या याच पाण्यात झाला, असे मानले जाते.

आजचा व्यापारी या खाडीकडे पाठ करून बसलेला आहे. दुकानांची तोंडे रस्त्याकडे, घरांची स्थानकाकडे आणि मालाची भिवंडीच्या महामार्गाकडे. खाडी आठवते ती वर्षातून एकदा, पाणी दुकानात शिरल्यावर. येथे उजवी खिडकी केवळ मनोरंजनाची राहत नाही. उल्हास आणि तिच्या उपनद्यांच्या काठचा सखल पट्टा वरून स्पष्ट वेगळा दिसतो, विशेषतः पावसाळ्यात, जेव्हा नदीचे तांबूस पाणी आणि शेतात साचलेले पाणी एकमेकांना लागून असते. त्या पट्ट्यात आता गोदामांची निळी-पांढरी छपरे आणि नव्या गृहसंकुलांचे मनोरे किती आत गेले आहेत, हेही दिसते. २६ जुलै २००५ रोजी कल्याण, बदलापूर आणि आसपासच्या गावांनी काय भोगले ते येथील प्रत्येक घराला ठाऊक आहे. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना होड्यांनी बाहेर काढावे लागले. गाडी जेथे थांबली तो भाग खिडकीतून पाहिला तर आश्चर्य वाटत नाही. रूळ आणि नदी तेथे हातात हात घालून चालतात. ज्याला गोदाम किंवा जमीन घ्यायची असेल त्याने दलालाच्या मोटारीतून ती पाहण्याआधी जुलै-ऑगस्टमध्ये एकदा या बाजूला बसून यावे. ढगांनी साथ दिली तर काही मिनिटांत जे दिसेल ते कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसते. सातबारा निर्वेध असला म्हणजे जमीन कोरडी असते असे नाही.

कल्याणच्या दक्षिणेला, मलंगगडाच्या वाटेवर नेवाळी आहे. तेथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारने शेतजमिनी घेऊन विमानांची धावपट्टी बांधली होती. युद्ध संपले, विमाने गेली, जमिनीचा वाद राहिला, आणि जून २०१७ मध्ये शेतकऱ्यांच्या आंदोलनाला हिंसक वळण लागले तेव्हा बाहेरच्या लोकांना नेवाळीचे नाव कळले. दाट वस्तीच्या मधोमध तो पट्टा वरून पाहताना एक गोष्ट मनात आल्यावाचून राहत नाही. कल्याणला एकेकाळी स्वतःचे विमान उतरत होते, आणि आज कल्याणच्या माणसाला विमानतळ गाठायला टॅक्सीत दीड-दोन तास बसावे लागते. परतताना तेच अंतर विमान पाच-सहा मिनिटांत कापते आणि मग तो पुन्हा तेवढाच वेळ टॅक्सीत बसून ज्या गावावरून आला त्या गावी मागे जातो.

पुढे पारसिकचा डोंगर. १९१६ मध्ये सुमारे सव्वा किलोमीटरचा बोगदा खोदून रेल्वेने हा डोंगर पार केला, त्या कामाचे आजही कौतुक होते. डोंगराच्या दुसऱ्या अंगाला दगडखाणींनी जे केले त्याचे कौतुक करता येत नाही. हिरव्या उतारावर मोठमोठे पांढुरके खड्डे आहेत, काही ठिकाणी डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कापलेला आहे. ज्या खडीवर या पट्ट्यातील मनोरे उभे राहिले त्यातील बरीच येथून गेली. खालून रस्त्यावरून तो डोंगर अजून डोंगरासारखा दिसतो. वरून त्याची पाठ दिसते.

डोंगर ओलांडला की नवी मुंबईची वस्ती आणि लगेच ठाण्याची खाडी. उतार साधारण तीन अंशांचा असतो, म्हणजे एक किलोमीटर पुढे गेले की सुमारे पन्नास मीटर खाली. या हिशेबाने खाडीवर विमानाची उंची जेमतेम साडेचारशे-पाचशे मीटर उरते, आणि सारे काही जवळ येते. उजवीकडे ऐरोलीचा पूल, कांदळवनाचा गर्द पट्टा, ओहोटीला उघडी पडणारी चिखलाची मैदाने. ऐरोली आणि वाशी या दोन पुलांमधील खाडीचा भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य म्हणून घोषित झाला, आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. विमानाची वाट नेमकी त्याच्याच डोक्यावरून जाते. २० मे २०२४ च्या रात्री उतरणाऱ्या एका विमानाची घाटकोपरजवळ रोहित पक्ष्यांच्या थव्याशी टक्कर झाली. विमान सुखरूप उतरले. तीसहून अधिक पक्षी मेले. घाटकोपरच्या वस्तीत ते पडलेले सापडले. या मार्गाने येणाऱ्या प्रवाशाने खाडीवरून जाताना एवढे आठवले तरी खालचा चिखल त्याला रिकामा वाटणार नाही. त्यानंतर मुलुंड-भांडुपच्या मागचा राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर, १८६० मध्ये मुंबईला पहिले नळाचे पाणी देणारा विहार तलाव, मग पवईचा तलाव, आणि चाके जमिनीला लागतात.

आता प्रत्यक्ष आसन. नेहमीच्या एकाच वाटेच्या विमानात डावीकडे ए, बी, सी आणि उजवीकडे डी, ई, एफ अशी अक्षरे असतात, तेव्हा मागायचे ते एफ. दोन वाटांच्या मोठ्या विमानात उजव्या टोकाचे अक्षर बहुधा के असते. मधल्या रांगा टाळाव्यात, कारण तेथे खाली पंख असतो, आणि उतरताना पंखाच्या मागच्या कडेच्या पट्ट्या बाहेर येऊन उरलेसुरले दृश्यही झाकतात. पंखाच्या पुढची जागा सर्वांत चांगली. तिला जादा पैसे पडतात. अगदी शेवटच्या रांगा स्वस्त असतात आणि दृश्यासाठी मधल्या रांगांपेक्षा कितीतरी बऱ्या, फक्त इंजिनाच्या गरम वाऱ्यामुळे छायाचित्र थोडे थरथरलेले येते. काही बोइंग ७३७ विमानांत पंखाच्या थोडे पुढे एका रांगेला खिडकीच नसते. भिंतीतून वातानुकूलनाची नळी वर जात असल्याने तेथे कोरी भिंत येते. खिडकीचे पैसे भरून भिंत पाहत बसण्याचा तो सौदा टाळण्यासाठी नकाशा एकदा नीट पाहावा. लहान शहरांकडे जाणाऱ्या पंख्याच्या विमानांत पंख वर असतो; तेथे कोठेही बसले तरी खालचे दृश्य मोकळे.

उजव्या बाजूचा आणखी एक फायदा कोणी सहसा सांगत नाही. ती खिडकी उत्तरेकडे असते. आपल्या अक्षांशावर सूर्य वर्षाचा बहुतेक काळ दक्षिणेकडून फिरतो, त्यामुळे तो उजवीकडच्या प्रवाशाच्या पाठीशी राहतो, डोळ्यांत येत नाही आणि जे पाहायचे त्यावर प्रकाश टाकतो. डावीकडचे प्रवासी हिवाळ्यातल्या दुपारी झडप ओढू पाहतात आणि उतरताना ती उघडी ठेवण्याची सूचना होते. ऋतूंमध्ये पाऊस ओसरल्यानंतरचे, ऑक्टोबरचे पहिले दोन आठवडे सर्वोत्तम. जमीन हिरवी, नद्या भरलेल्या, हवा धुतलेली. दिवाळीनंतर यात्रा आणि लग्नांचे प्रवास वाढतात तेव्हा धुरके धरू लागते. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी तर कल्याण दिसलेच पाहिजे असा आग्रह धरू नये. रात्री हिशेब उलटा. दिवे म्हणजे वस्ती, आणि जेथे काळोख आहे तेथे खाडी किंवा डोंगर. तो काळोख किती आकसला आहे तेही रात्रीच कळते.

हे सारे वारा पश्चिमेचा असेल तोवर. हिवाळ्यात काही वेळा वारा जमिनीकडून वाहतो आणि विमाने समुद्रावरून, पूर्वेकडे तोंड करून उतरतात. तेव्हा ठाणे-कल्याण कोणत्याच खिडकीत येत नाही, वर्सोवा आणि मढच्या किनाऱ्यावर समाधान मानावे लागते. मुसळधार पावसात किंवा मुख्य धावपट्टीच्या दुरुस्तीच्या वेळी दुसरी, तिरपी धावपट्टी वापरात येते. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी उड्डाणे सुरू झाली आहेत. डोंबिवली-कल्याणच्या माणसाला तो विमानतळ सोयीचा. पण तेथून कल्याण पंचवीस किलोमीटरांहून अधिक उत्तरेला राहते, मध्ये डोंगर येतात, आणि खाडीचे ते वळण दूर जाते. सोय आणि दृश्य यांत सोय जिंकणार, यात शंका नाही.

राहिला प्रश्न खिडकी कोणाला द्यायची. घरचे चार जण असले की ती बहुधा लहान मुलाला मिळते, आणि ते मूल ढग संपताच फोनमध्ये डोके घालते. दृश्यावर खरा हक्क आजी-आजोबांचा आहे. कल्याण-डोंबिवलीची भातखाचरे, खाडीवरच्या होड्या, विहिरींचे पाणी ज्यांनी पाहिले आहे असे तेच आता घरात उरले आहेत, आणि त्यांचे विमानप्रवास मोजकेच असणार. प्रसाधनगृह जवळ हवे म्हणून त्यांना वाटेकडेची जागा देतात. ती काळजी योग्य आहे, परंतु उतरायला वीस मिनिटे उरली की जागेची अदलाबदल करता येते. पट्टे बांधण्याची सूचना होण्याआधी ती करावी. नातवाने मधल्या जागेवर बसून आधी रुळांचा फाटा दाखवावा, मग खाडी, मग दुर्गाडीचे वळण. तेवढ्या तीन खुणा मिळाल्या की जुना बाजार कोठे, पहिले भाड्याचे दुकान कोठे आणि नदी तेव्हा कोठपर्यंत येत असे, हे पुढे त्याला विचारावे लागत नाही.